ती हळद नव्हती

आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी गोड होतं. हे वाक्य मला कामाच्या कागदावर कधी लिहिता आलं नाही, कारण आमच्या तक्त्यात गोड नावाचा रकाना नसतो. रंग असतो, वास असतो, क्षार, धातू, तेलाचा अंश असं सगळं असतं. म्हणून इथे लिहून ठेवते. उन्हातून येऊन तांब्याभर प्यायलं की ते पोटात गेल्यावरही काही वेळ गार लागायचं. तासगावच्या अलीकडे, हळदीच्या आणि द्राक्षांच्या पट्ट्यात मी वाढले. ज्या पाण्यावर वाढले त्याची चव आता बहुधा फक्त मला आणि माझ्या आईला आठवते.

मी बिघडलेली जमीन आणि बिघडलेलं पाणी दुरुस्त करणारी इंजिनिअर आहे. कारखान्यांनी जमिनीत जे सांडलं, सोडलं, पुरलं ते शोधायचं, किती खोल गेलंय आणि कुठवर पसरलंय ते बघायचं, आणि मग ते उपसून काढायचं किंवा जागच्या जागी निकामी करायचं. नातेवाइकांना हे समजावता समजावता माझी निम्मी हयात गेली. मला स्थळं बघायच्या काळात एका घरच्या बाईंनी आईला विचारलं होतं, "म्हणजे मुलगी नक्की करते काय?"

"घाण काढती," आई म्हणाली.

बाई चपापल्या. "नगरपालिकेत?"

"न्हाई. मोठमोठ्या कारखान्यांची."

ते स्थळ तिथेच बारगळलं. पण पुढे परिषदांमधून, पुस्तकांतून या कामाच्या ज्या ज्या व्याख्या ऐकल्या, त्या सगळ्यांत मला आईचीच बरी वाटत आली आहे.

या नोकरीत एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. यात बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. बोअर मारायचे, नमुने घ्यायचे, औषध सोडायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा नमुने घ्यायचे. मी स्वभावाने उतावळी, तिखट. जमिनीला त्याचं काही नसतं. आणि काम संपलं की आपण तिथून निघायचं. ज्या गावांच्या विहिरी मी साफ केल्या, त्यातल्या एकीचंही पाणी मी प्यायलेली नव्हते. साइटवर सीलबंद बाटलीतलंच पाणी प्यायचं असा नियम असतो. दुपारी हातमोजे काढून ती कोमट बाटली तोंडाला लावली की मला हमखास आमची विहीर आठवायची, तिच्या कपारीत घुमणारे पारवे आठवायचे, आणि घरी जावंसं वाटायचं.

पहिली नोकरी गुजरातेत होती. तिथल्या जमिनीत क्रोमियम मुरलं होतं. लोखंडावर चकचकीत मुलामा चढवायला ते वापरतात. त्याने पाणी पिवळं होतं, अगदी लिंबाच्या सरबतासारखं नितळ पिवळं. हातमोज्यांशिवाय त्या नमुन्याच्या बाटलीचं बूचसुद्धा उघडायचं नाही, हे आमच्या वरिष्ठांनी इतकं घोकून घेतलं होतं की पिवळं पाणी दिसलं तरी माझा हात आपोआप मागे जायचा.

त्याच वर्षी शिमग्याला मी घरी आले.

आई तेव्हा मळ्यातल्या घरात एकटी राहायची. वडील मी शाळेत असतानाच गेले. दादा साताऱ्याला नोकरीला होता, पण आईने मळा सोडला नव्हता. मी पाय धुऊन आत आले तर तिने पाण्याचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं.

"बघ गं. पाण्याला रंग आल्यागत वाटतंय. तुझं शिक्षान त्येच हाय न्हवं?"

मी पातेल्यात डोकावले. किंचित पिवळी झाक होती. पण बाहेर, वरच्या बांधाला शेजाऱ्यांची हळद शिजत होती. कायलीतून वाफ निघत होती आणि सगळ्या वाऱ्याला ओल्या हळदीचा तो मातकट, उग्र वास होता. हळदीच्या दिवसांत आमच्याकडे काय पिवळं नसतं? आईचे हात पिवळे होते, दाराची कडी पिवळी होती, कुत्र्याची शेपटीसुद्धा पिवळी होती. मला हसू आलं.

"हळदीचं असेल गं. वर शिजतेय ना, तिचं पाणी झिरपलं असेल. काही होत नाही, उलट औषधीच."

"व्हय?"

"हो."

"तू म्हणतीस म्हंजी हळदच," ती म्हणाली आणि तिने ते पातेलं चुलीवर भाताच्या आधणाला ठेवलं.

चार दिवस मीही तेच पाणी प्यायले. चार दिवस मला ते गोडही लागलं. आता त्याचा विचार केला की वाटतं, ते गोड लागत नसणार. ते गोडच लागावं, असं मला हवं होतं.

परमुलखात पिवळं पाणी दिसलं की हात मागे घेणारी मी, घरी मात्र पातेल्यात डोकावून हसले. तिकडचं पिवळं म्हणजे विष आणि आपलं पिवळं म्हणजे हळद, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की शिक्षणाला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. ही चूक करायला आमच्या सांगलीच्या हळदीच्या रानातच जन्माला यावं लागतं.

दिवाळीला मला रजा मिळाली नाही. फोनवर आई म्हणाली, "पानी अजून पिवळंच हाय बग."

हळद शिजते माघ-फाल्गुनात. दिवाळीला ती रानात हिरवीगार उभी असते. हे आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी कामाच्या घाईत होते.

"मुरलं असेल जमिनीत. हळूहळू जाईल."

"आन् बोटांच्या बेचक्यात जखमा झाल्यात. भरंनात."

"मग हळद लाव की त्यांवर," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. या वाक्याला मी अजून कुठे ठेवू शकलेली नाही. रात्री-दिवसा केव्हाही ते वर येतं.

पुढचा शिमगाही गेला. गणपतीच्या आधी एका दुपारी मी साइटवरच्या तंबूत नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते आणि आईचा फोन आला. तिने ख्यालीखुशाली विचारलीच नाही.

"ती हळद न्हाई."

"कशावरून?"

"पांढरा टॉवेल भिजत घातला हुता, पिवळा पडला. साबण लावला, तर तांबडा हुईना. हळदीला साबण लागला की तांबडं हुतं का न्हाई? म्हनून मग वाटीभर पान्यात चुना घालून बघितला. तरी न्हाई. हळद असती तर त्येचं कुंकू झालं असतं. ती हळद न्हाई. मग काय हाय त्ये?"

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मलाही माहीत होतं. लहानपणी माहीत होतं आणि पुढे रसायनशास्त्राच्या पुस्तकातही होतं. माझ्यासमोर टेबलावर पिवळ्या पाण्याच्या बाटल्यांची रांग होती, हातात मोजे होते, पाठीशी अख्खी प्रयोगशाळा होती. आईकडे साबणाची वडी आणि पानाच्या डब्यातला चुना होता.

"आई, ते पाणी पिऊ नकोस. त्यात हातही घालू नकोस."

"आता?" ती म्हणाली. "दीड वरीस झालं की गं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी निघाले. विहिरीचं पाणी तपासलं आणि जे निघायचं तेच निघालं, क्रोमियम. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला, टेकाडापलीकडे, सायकलींच्या भागांना मुलामा द्यायचं एक छोटं शेड होतं. उरलेलं पाणी ते मागच्या आटलेल्या बोअरमध्ये सोडत होते. डोळ्याआड झालं की झालं. सरकारी माणसं आली, शेडला कुलूप लागलं, मालक गाव सोडून गेला. आईच्या सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टरांना हातांपलीकडे काही सापडलं नाही, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. जखमा भरल्या, वण राहिले. आणि दादा आईला साताऱ्याला घेऊन गेला.

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो, वहिनी चांगली, नातवंडं जीव लावणारी. तरी आईचं तिथे मन लागलं नाही. तिथल्या पाण्याला ती चव ना ढव म्हणायची. मळ्यातून येताना तिने फक्त कपडे आणि तांब्याची कळशी आणली होती. वहिनीने हौसेने त्या कळशीत मनीप्लांट लावला. आईने तो दुसऱ्या डब्यात हलवला, कळशी चिंचेने घासली आणि गॅलरीत उपडी घालून ठेवली. जणू उद्या निघायचंच आहे.

रोज फोनवर शेवटी एकच प्रश्न असायचा. "माझं कवा जायाचं?"

"बघू."

"बघू म्हंजी कवा?"

आमच्या धंद्यात बघू म्हणजे पुढचे तीन महिने. हे तिला कसं सांगायचं?

मी गुजरात सोडलं आणि पुण्यातल्या एका लहान कंपनीत आले. वर्षभर कागद फिरवून, गावाच्या ठरावावर आणि सरकारी मंजुरीवर आमच्या कंपनीने ते टेकाड आणि आमची विहीर साफ करायचं काम घेतलं. माझ्या साहेबांनी बजावलं होतं, "घरचं काम घेऊ नये. डॉक्टरसुद्धा आपल्या माणसावर सुरी चालवत नाही." मी ऐकलं नाही. मी कुणाचं ऐकणाऱ्यातली असते, तर त्या दिवाळीला आधी आईचं ऐकलं असतं.

शेडखालची माती खणून दूर, अशा कचऱ्यासाठी बांधलेल्या जागी नेली. पण जे पाणी खाली मुरमात उतरलं होतं ते उपसून संपणारं नव्हतं. त्याला जमिनीतच अडवायला हवं होतं, आणि त्यासाठी मला गोड काहीतरी लागणार होतं. मी शेजारच्या गुऱ्हाळवाल्या काकांकडे गेले आणि काकवी मागितली. पोळीबरोबर खायची वाटीभर नव्हे, पिंपानं.

काका कढईवरची मळी काढत होते. ते थांबले. "जमिनीला काकवी पाजून काय तिचं त्वांड गोड करतीस का काय?"

मी त्यांना सांगितलं. जमिनीत खोलवर बारीक जिवाणू असतात. त्यांना गोड खायला मिळालं की ते फोफावतात आणि पाण्यातला सगळा प्राणवायू संपवून टाकतात. मग त्या पाण्यात पिवळं क्रोमियम आपलं रूप बदलतं, हिरवट होऊन मातीला चिकटून बसतं. ते जागचं हलत नाही, विहिरीत उतरत नाही.

काकांनी बराच विचार केला. "म्हंजी पाव्हण्याला एवढं जेवू घालायचं, की त्येला जागचं उठताच येऊ न्हाई."

मी ते वाक्य नंतर पुष्कळ ठिकाणी वापरलं. नवीन आलेल्या इंजिनिअर मुलामुलींना अजून तसंच शिकवते.

शेडपासून आमच्या विहिरीपर्यंत आम्ही बोअरची ओळ मारली. पहिल्या बोअरला काकवी सोडायच्या सकाळी पाच-सहा बाया ताट घेऊन आल्या. नवीन बोअर म्हटल्यावर पूजा होणारच. एकीने हळदीची चिमूट बोअरच्या तोंडाकडे नेली आणि मी केवढ्यांदा तरी ओरडले, "हळद नको! नमुन्यात हळद जाईल!"

तिने चिमूट परत ताटात टाकली. काका पिंपाशेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "आता हळद बरी वळखू याया लागली."

बाया हसल्या. मीही हसले, आणि मग पाठ फिरवून पिंपाच्या झाकणाशी उगाच खटपट करत राहिले. गाव हे असं असतं. विसरत काही नाही, पण हसवून सांगतं.

त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ मी त्या रानात येत राहिले. दर तीन महिन्यांनी नमुने घ्यायचे आणि मग बंद घराच्या ओट्यावर बसून डबा खायचा. डब्याबरोबर सीलबंद बाटली. माझ्याच विहिरीच्या काठावर मी दुकानातलं पाणी पीत होते. खाली पारवे घुमत होते, दुपारच्या उन्हाचा कवडसा पाण्यावर हलत होता, आणि मला ते पाणी इतकं हवं असायचं की मी विहिरीकडे पाठ करून बसायला लागले.

पिवळं उतरत गेलं. आधी बोअरच्या ओळीत, मग विहिरीत. पण जिवाणू जेव्हा पाण्यातला प्राणवायू संपवतात तेव्हा मुरमातलं लोखंडही पाण्यात उतरतं. हे मला आधीपासून माहीत होतं. ते लोखंड पुढे कमीही होतं, पण पूर्वीइतकं होईलच असं नाही. शेवटी उन्हाळा, पावसाळ्यानंतर आणि हिवाळा अशा तिन्ही वेळच्या नमुन्यांत पाणी पिण्यालायक ठरलं. अहवालावर सही करताना साहेब म्हणाले, "अभिनंदन." मी लोखंडाच्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. आकडा मर्यादेच्या आत होता, पण मर्यादेच्या आतलं लोखंडही जिभेला कळतं.

त्या दिवशीही फोनवर आईने विचारलं, "माझं कवा जायाचं?"

"परवा," मी म्हणाले.

फोन तसाच ठेवून ती उठली. मग पाठीमागून वहिनीचा आवाज आला, "आई, अहो कळशी आत्ताच कशाला काढताय?"

रहिमतपूरवरून विट्याला आणि तिथून तासगावला आम्ही एसटीने गेलो. दादा गाडी घेऊन येतो म्हणत होता, पण आईला एसटीच हवी होती. अख्खा रस्ता तिने ती कळशी मांडीवर धरली, वर ठेवू दिली नाही. कंडक्टरने विचारलं, "आज्जी, रिकामी कळशी घिऊन कुठं निघालासा?"

"भरायला," आई म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघत होते आणि तिला काय सांगायचं ते ठरवत होते. ती चव बघणार, विचारणार, आणि मी हो म्हणणार. अगदी पहिल्यासारखंच आहे, असं म्हणणार. एवढ्या वर्षांनी घरी येणाऱ्या बाईला एवढं तरी द्यावं, असं मला वाटत होतं. रहिमतपूरपासून विट्यापर्यंत मी ते मनात दहादा म्हणून पाहिलं.

मळ्यात पोचल्यावर ती घराकडे वळलीच नाही. थेट विहिरीवर गेली. मोटर होती, तरी तिने कप्पीला दोर लावून बादली सोडली. मी हात पुढे केला तर तिने तो कोपराने सारला. बादली वर आली. तिने कळशी भरली, तांब्यात पाणी घेतलं, तो उन्हात धरून आत पाहिलं आणि माझ्याकडे वळली. तिच्या बोटांवरचे वण मला दिसत होते.

"पैल्यासारखं हाय का गं?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. तिचा चेहरा अगदी त्या शिमग्याला होता तसा होता. मी जे सांगेन ते खरं धरायला तयार.

"नाही, आई," मी म्हणाले. "लोखंडाची चव येईल. पहिल्यासारखं नाही झालं, बहुतेक होणारही नाही. पण प्यायला चांगलं आहे. हे मी तपासून सांगतेय."

 मग तिने तांब्या उंच धरला आणि न थांबता, घटाघटा, सगळा संपवला. पदराने तोंड पुसलं.

"व्हय. लोखंडाचीच चव हाय," ती म्हणाली. "अवंदा खरं बोललीस."

तिने दुसरा तांब्या भरून मला दिला. मी साफ केलेलं पाणी मी पहिल्यांदाच पीत होते. गार होतं, पोटात गेल्यावरही गार होतं. पण गोड नव्हतं. जुन्या नळासारखी एक चव मागे राहिली. मी पुन्हा प्यायले, कुठे तरी ती जुनी चव तळाशी असेल म्हणून, आणि नव्हती. मला ते गोड पाणी हवं होतं. अजून हवं आहे. ते परत आणण्याची विद्या मला कुणी शिकवलेली नाही आणि जगात कुणाला येतही नसावी.

आईने एव्हाना घराचं कुलूप काढलं होतं. आत तिच्या झाडूचा आवाज येत होता, मग भांड्यांचा. आता ती साताऱ्याला परत येणार नव्हती, हे मला त्या आवाजावरूनच कळलं. थोड्या वेळाने ती दारात आली. कमरेला पदर खोचलेला, कपाळावर धूळ.

"तुझं कवा जायाचं?" तिने विचारलं.

सोमवारी मला नव्या साइटवर हजर व्हायचं होतं, दुसऱ्या राज्यात, कुणाच्या तरी दुसऱ्याच विहिरीवर.

"उद्या सकाळी," मी म्हणाले.

 माझ्या पिशवीतून तिने सीलबंद पाण्याची बाटली काढली, ती उंबऱ्याबाहेर तुळशीत ओतली आणि कळशीतलं पाणी भरून पिशवीत परत ठेवली.